कुत्र्याच्या अंगावरून ‘वारं’ जातं तेव्हा

सोमवार हा आमच्या व्यवसायात जड वार. रविवारी कोल्हापुरात घरोघरी मटण शिजते आणि सोमवारी सकाळी पोट बिघडलेली, उलट्या करणारी, घशात हाड अडकलेली कुत्री दवाखान्याच्या दारात रांगेने उभी असतात. मागच्या पावसाळ्यात अशाच एका सोमवारी पाठोपाठ दोन रुग्ण आले. दोन्ही मालकांच्या तोंडी वाक्य एकच होते, “डॉक्टर, कुत्र्यावरनं वारं गेलंय बघा.”

पहिला होता एका निवृत्त मास्तरांचा डॅशहुंड. लांबलचक अंग, आखूड पाय, वय वर्षे पाच. शुक्रवारी संध्याकाळी कॉटवरून उडी मारताना तो कळवळला. शनिवारी मागचे पाय अडखळू लागले, आणि रविवारी मागचा भाग फरपटत तो स्वयंपाकघरात आला. मास्तरीणबाईंनी तीन दिवस मनोभावे तिळाचे तेल कोमट करून त्याची पाठ चोळली. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून माणसाची अंगदुखीची गोळीही अर्धी करून दिली.

दुसरा होता करवीर तालुक्यातल्या एका मळ्यावरचा गावठी कुत्रा. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, मागचे पाय लटपटत होते. मालक म्हणाले, “काल हाड टाकलं होतं, ते घशात अडकलंय.” त्यांनी आणि त्यांच्या सहावीतल्या मुलाने आळीपाळीने तोंडात हात घालून हाड शोधून पाहिले होते. ते काही सापडले नव्हते.

मीही ते शोधले नाही. आधी त्या मुलाला बाहेरच्या नळाखाली उभे केले आणि हातात साबण दिला.

वाचकहो, ‘वारं गेलं’ हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग आहे आणि रुग्ण कसा दिसतो हे तो बरोबर सांगतो. पण तो काही रोगाचे नाव नव्हे. पाठीच्या मणक्याचा आजार, अपघात, साप, शेतातले औषध, मेंदूतला दोष, रेबीज, या सगळ्यांत कुत्रा लुळा पडू शकतो. कशात काही तासांची सवड असते, कशात काही मिनिटांची, आणि एकात तर कुत्र्यापेक्षा घरच्या माणसांचीच काळजी आधी करावी लागते. सगळ्यावर तेल चोळणे हा एकच उपाय करून दिवस घालवले, की हाती असलेली वेळ निघून जाते. आजचा लेख त्या वेळेविषयी आहे.

हाड नव्हे, रेबीज

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगून टाकतो. पिसाळलेला कुत्रा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दिसेल त्याला चावत सुटलेला कुत्रा येतो. पण या रोगाचा दुसरा, मुका प्रकारही आहे. त्यात कुत्रा चावत नाही. कोपऱ्यात जाऊन बसतो, आवाज बदलतो, जबड्याचे व घशाचे स्नायू लुळे पडतात, तोंड मिटत नाही, लाळ गिळता येत नाही. पुढे पाय जातात, मग श्वास. घरच्यांना वाटते, घशात काहीतरी अडकले आहे. प्रेमाने हात घालून बघितले जाते आणि ती विषाणूने भरलेली लाळ बोटांना, नखाच्या कडेला, एखाद्या ओरखड्याला लागते. कुत्रा चावलेला नसतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

आणखी एक गैरसमज असा, की ‘पाणी पितोय म्हणजे पिसाळलेला नाही’. पाण्याची ती भीती माणसात दिसते. कुत्रा पाण्यापर्यंत जातो, तोंडही घालतो. त्याला गिळता येत नाही, एवढेच.

जबडा लोंबणारा प्रत्येक कुत्रा रेबीजचाच असतो असे नाही. जबड्याच्या नसेला सूज येऊनही तसे होते आणि तो दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुधारतो. पण बाहेरून बघून फरक करण्याच्या भरीस मालकाने पडू नये. रेबीजची खात्री मेल्यानंतर मेंदू तपासूनच होते. तोपर्यंत तो रेबीजच आहे असे धरून चालायचे. हात घालायचा नाही, कुत्र्याला एकटे बांधून किंवा कोंडून ठेवायचे, लाळेची भांडी मुलांच्या हाती लागू द्यायची नाहीत आणि डॉक्टरांना आधी फोन करायचा.

हात घातला गेलाच असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायचे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे! त्यावर तिखट, चुना, हळद काही लावायचे नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. कातडी फाटलेली असून तिला लाळ लागली असेल, तर डॉक्टर जखमेत वेगळे प्रतिद्रव्यही टोचतात. चावा झालेला नसला तरी ते लागते. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस होती आणि तिच्यामुळेच क्वचित एखाद्याला लकवा होई. आपल्या देशात ती २००४ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात देतात, ठरवून दिलेल्या दिवशी चार-पाच वेळा.

त्या मुलाला आणि वडिलांना मी तसेच सी.पी.आर.ला पाठवले. कुत्रा बुधवारी रात्री गेला. नमुना तपासणीला पाठवला होता, तो रेबीजचाच निघाला. मुलाच्या अंगठ्याच्या नखाजवळ सोललेले होते. त्याने सगळी इंजेक्शने वेळेवर घेतली आणि तो आता सातवीत आहे. रेबीजची लक्षणे माणसात एकदा सुरू झाली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून एवढे लांबण लावले. मळ्यावरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचली असती आणि पुढे दरवर्षी टोचत राहिलो असतो, तर हा परिच्छेद मला लिहावा लागला नसता.

करंजी फुटते तेव्हा

आता मास्तरांच्या डॅशहुंडकडे येऊ.

कुत्र्याच्या मानेत सात मणके, छातीत तेरा, कमरेत सात. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम पायांपर्यंत नेणारी आणि पायांची खबर मेंदूला पोचवणारी ही तार. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. तिची कल्पना करंजीसारखी करावी. बाहेर चिवट आवरण, आत मऊ सारण. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातीत हे सारण पहिल्या एक-दोन वर्षांतच वाळून खडूसारखे होऊ लागते. मग एखाद्या साध्या उडीत करंजी फुटते आणि तो भुगा वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. धक्काही बसतो आणि दाबही पडतो. छाती संपून कंबर सुरू होते तिथे हे सर्वाधिक घडते, म्हणून पुढचे पाय ठणठणीत राहतात आणि मागचे जातात.

स्वीडनमधील हान्सेन या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये चकती बिघडण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. फुटण्याचा हा पहिला. दुसऱ्यात चकती फुटत नाही, हळूहळू फुगते. तो म्हाताऱ्या, मोठ्या अंगाच्या कुत्र्यांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१७ मध्ये त्याहून मजेशीर गोष्ट शोधली. आखूड पायांच्या जातींत एका वाढ-जनुकाची जादा प्रत नको त्या जागी जाऊन बसलेली असते आणि चकती लवकर वाळण्याचे मूळ तिच्यात आहे. म्हणजे ज्या ठेंगणेपणाचे आपण कौतुक करतो, त्याच्याच पोटी हे दुखणे जन्माला येते. आपल्या भागातली कारवानी कुत्री उंच आणि सडपातळ. त्यांच्यात या प्रकारची चकती फुटलेली मी क्वचितच पाहिली आहे. ती येतात ती रस्त्यावर वाहनाखाली सापडून.

मज्जारज्जूवर दाब आला की गोष्टी ठराविक क्रमाने जातात. आधी पाय कुठे पडतो आहे याचे भान जाते. कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, पंजा उलटा टेकतो. मग हालचाल जाते. मग लघवीवरचा ताबा. सर्वांत शेवटी खोल वेदना कळण्याची शक्ती. सुधारणा होते तीही याच्या उलट क्रमाने. म्हणून तुम्ही दवाखान्यात आल्यावर मी पहिल्यांदा बोटाच्या हाडाला चिमटा लावतो, तेव्हा मला निर्दय समजू नका. सगळे भवितव्य त्या चिमट्यावर अवलंबून असते.

इथे एक फसगत होते. चिमटा घेतला की कुत्रा पाय आखडून घेतो आणि मालकांचा चेहरा खुलतो, “बघा, कळतंय की त्याला!” पण पाय आखडणे ही खालच्या खालीच होणारी क्रिया आहे. दारावरची बेल वाजली आणि नोकराने दार उघडले, पण मालकाला पत्ताच नाही, तसे. पायाकडे बघू नका, तोंडाकडे बघा. कुत्रा मान वळवतो का? विव्हळतो, चावायला धावतो का? तर खबर मेंदूपर्यंत पोचली.

ही वेदना शाबूत असेल आणि वेळेवर शस्त्रक्रिया करून दाब काढला, तर शंभरातली नव्वदहून अधिक कुत्री पुन्हा चालतात. वेदना गेली असेल, तर तातडीने शस्त्रक्रिया करूनही साधारण निम्मी. आणि वेदना गेलेल्यांपैकी दहात एखाद्याचा मज्जारज्जू वितळत वर चढत जातो, काही दिवसांत श्वासाचे स्नायू निकामी होतात आणि कुत्रा दगावतो. काल पाय हलत होते आणि आज नाहीत, याला ‘उद्या बघू’ म्हणता येत नाही, ते यासाठी.

मास्तरांच्या कुत्र्याचा चिमटा घेतला. त्याने मान वळवली आणि माझ्या मनगटाकडे झेप घेतली. एवढ्या आनंदाने मी क्वचितच हात मागे घेतला असेल.

शस्त्रक्रियेसाठी आधी दाब नेमका कुठे आहे ते पाहावे लागते. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी सी.टी. किंवा एम.आर.आय. लागते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि मुंबईत परळला १८८६ पासूनचे जुने पशुवैद्यक महाविद्यालय. तुमच्या डॉक्टरांनी आधी फोन करून कुठे काय होऊ शकेल हे विचारावे आणि मगच गाडी काढावी. कुत्र्याला घेऊन दारोदार फिरण्यात मणक्याला बसणारे हेलपाटे वेगळेच.

खर्च झेपत नाही, हे सांगायला कोणी लाजू नये. मास्तरांनाही झेपणारा नव्हता. वेदना शाबूत असलेली पण उभी न राहू शकणारी कुत्री शस्त्रक्रियेशिवायही सुधारतात, निम्म्याहून थोडी जास्तच. पण त्यासाठी सक्त विश्रांती हवी, आणि ‘सक्त’ शब्दावर लोक हमखास घसरतात. किमान चार आठवडे पिंजऱ्यात. उभे राहून वळता येईल एवढीच जागा. मास्तरांनी जुनी बाज उलटी करून तिच्या चारही बाजूंना कोंबड्यांची जाळी ठोकली. उत्तम सोय झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणे कमी होते, कुत्रा बाहेर यायला रडतो, घरच्यांना दया येते आणि ते सोडतात. करंजीचे आवरण अजून सांधलेले नसते. उरलेले सारण त्या दिवशी बाहेर येते.

मालिश नको, सुरुवातीच्या दिवसांत तर नकोच. दाबून चोळल्याने मणका हलतो. पुढचे पाय धरून माणसासारखे चालवून बघणे त्याहून वाईट. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडावर घाला घालतात. त्यातच स्टेरॉइडचे इंजेक्शन पडले, तर रक्ताच्या उलट्या ठरलेल्या. स्टेरॉइडबद्दल माझाही कबुलीजबाब आहे. मणका म्हटला की मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, असे आम्ही वर्षानुवर्षे केले. त्याने निकाल सुधारतो असा पुरावा नाही, उलट त्रास वाढतो. चकतीच्या अशा ताज्या लुळेपणात ते नेमाने देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील पशुवैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये दिला. मी त्याआधीच सोडले होते, पण लवकर सोडले असे म्हणता येणार नाही.

लघवीचे मात्र कोणी विचारतच नाही. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याचे मूत्राशय अनेकदा स्वतःहून रिकामे होत नाही. ते तुडुंब भरते आणि वरून थेंब-थेंब गळते. मालक म्हणतात, “लघवी चालूच आहे की.” ती चालू नसते, सांडत असते. दिवसातून तीन-चार वेळा पोटावर दोन्ही बाजूंनी हळू दाब देऊन मूत्राशय रिकामे करावे लागते. ते डॉक्टरांकडून हातात हात धरून शिकून घ्यावे. खाली जाड गादी, दर तीन-चार तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, हे आलेच. मास्तरीणबाई तिसऱ्या दिवशी हे काम माझ्या कंपाउंडरपेक्षा सफाईने करू लागल्या.

मानेतली चकती सरकली तर चित्र वेगळे. कुत्रा मान खाली ताठ धरतो, उचलायला गेले की किंचाळतो, जमिनीवरच्या ताटलीतले खात नाही. ‘खात नाही’ म्हणून पोटाची औषधे दिली जातात. ताटली पाटावर ठेवून बघा, खाईल. त्याच्या गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा घाला.

रस्त्यावरून उचलताना

अपघातातला कुत्रा लोक चारी पाय धरून उचलतात किंवा पोत्यात घालून दुचाकीवर आणतात. हेतू चांगलाच असतो. पण मोडलेला मणका पोत्यात वाकतो आणि अर्धा तुटलेला मज्जारज्जू वाटेत पुरता तुटतो. लाकडी फळी, प्लायवूडचा तुकडा, कपाटाचा कप्पा, काहीही सपाट घ्या. कुत्र्याला पाठीच्या रेषेत, सगळे अंग एकदम, त्यावर सरकवा. खांद्यावरून आणि पुठ्ठ्यावरून ओढणीने बांधा. पोट आणि मान आवळू नका. वेदनेत घरचा कुत्राही चावतो, म्हणून तोंडाला पट्टी बांधावी. मात्र तो ओकत असेल, झटके देत असेल किंवा दमायला लागला असेल तर बांधू नये. डोक्याला मार असेल तर फळीची डोक्याकडची बाजू किंचित उंच ठेवा. पाणी पाजू नका. बेशुद्धाच्या तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते.

अपघातानंतर कधी पुढचे पाय काठीसारखे ताठ आणि मागचे लुळे, असा कुत्रा दिसतो. बघणाऱ्याला वाटते, आता संपले. ती फक्त छाती-कमरेच्या मज्जारज्जूला मार बसल्याची खूण आहे. आशा आहे की नाही, हे त्या ताठरपणावरून ठरत नाही. ते चिमट्यावरच ठरते.

झटके आले तर घड्याळ बघा

फेफरे किंवा आकडी आली की आपल्याकडे प्रथम चप्पल शोधतात, नाहीतर कांदा. दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळते. कुत्रा जीभ गिळत नाही, तेव्हा तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, बोट जाईल. आसपासचे सामान हलवा, दिवा बारीक करा, पोरांना बाहेर काढा आणि घड्याळाकडे बघा. जमल्यास घरातल्या एकाने मोबाइलवर चित्रण करावे. तुमच्या वर्णनापेक्षा ते मला अधिक सांगते.

पाच मिनिटे ही लक्ष्मणरेषा. झटका पाच मिनिटांपुढे गेला, किंवा दिवसभरात दोन-तीन झटके आले, किंवा दोन झटक्यांच्या मध्ये कुत्रा शुद्धीवर आलाच नाही, तर ती आणीबाणी. स्नायूंच्या धडपडीने अंग भट्टीसारखे तापते आणि त्या तापानेच मेंदूची हानी होते. नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि निघा. बर्फ नको. ज्यांच्या कुत्र्याला हा त्रास वरचेवर आहे, त्यांनी गुदद्वारातून द्यायचे डायझेपाम मात्रा लिहून घेऊन घरात ठेवावे. वाटेतला अर्धा तास त्याने वाचतो.

झटक्यानंतर काही वेळ कुत्रा आंधळ्यासारखा भिंतीवर आपटतो, अधाशासारखा खातो, ओळख दाखवत नाही. ते निवळते. सहा महिने ते सहा वर्षे वयात सुरू झालेले आणि मधल्या काळात कुत्रा अगदी चांगला असलेले झटके बहुधा अपस्माराचे असतात. गोळी रोज, वेळेवर आणि बहुधा जन्मभर. ‘दोन महिने आला नाही म्हणून बंद केली’ हे वाक्य मी ज्या रात्री ऐकतो, ती रात्र दवाखान्यातच जाते. गोळी एकाएकी बंद केली की झटके उसळून येतात.

झटक्यांची कारणे मात्र अनेक. नुकत्याच व्यालेल्या पॉमेरेनियन कुत्रीला दोन-चार आठवड्यांनी धाप लागते, पाय ताठ होतात, अंग थरथरते, ताप चढतो. हे रक्तातले कॅल्शियम उतरल्याने. शिरेतून हळू कॅल्शियम दिले की माझ्यासमोर टेबलावरच ती उठून बसते. आमच्या धंद्यात असे चमत्कार थोडेच. पिल्ले दिवसभर वेगळी करून वरचे दूध पाजावे. गाभण असताना खबरदारी म्हणून कॅल्शियमचे टॉनिक पाजणाऱ्यांच्याच कुत्र्यांना हे जास्त होते, कारण शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढण्याची सवय विसरते. अगदी लहान पिल्लू उपाशी राहून गळाठले, झटके देऊ लागले, तर हिरड्यांना साखरेचे पाणी किंवा मध चोळा आणि आणा. आणि लसीकरण न झालेल्या पिल्लाला आधी सर्दी-हगवण, मग चघळल्यासारखे तोंड हलवणे, एखादा पाय घड्याळासारखा टकटक उडणे सुरू झाले, तर तो डिस्टेंपर. त्यातून वाचलेले पिल्लू पुष्कळदा ती टकटक आयुष्यभर बाळगते. दीड-दोन महिन्यांपासून चार महिन्यांपर्यंत ठराविक अंतराने लस घेणे, हाच त्यावर उपाय.

ऊसपट्ट्यातला नेहमीचा शत्रू म्हणजे कीटकनाशक. फोरेट, म्हणजे आपले ‘थिमेट’, यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण गोठ्याच्या माळ्यावर जुना डबा निघतोच. तोंडाला फेस, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगभर थरकाप, पातळ शौच, मग झटके. यावर उतारा आहे आणि तो वेळेत दिला तर कुत्रा वाचतो. दूध, तेल, मिठाचे पाणी पाजून तास घालवू नका. रिकामा डबा किंवा पुडी बरोबर आणा, म्हणजे कोणता उतारा द्यायचा ते कळेल. अंगावर सांडले असेल तर हातात पिशवी घालून साबणाने धुवा. उंदराच्या काळ्या औषधाचा संशय असेल तर खायला काही देऊ नका आणि खिडक्या उघडा, त्या ओकारीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो.

मळ्यावर रात्री अचानक पाय गळाठले, पापण्या मिटू लागल्या, भुंकणे बसले, तर नाग किंवा मण्यार आठवावी. मण्यारीच्या चाव्याची खूण दिसेलच असे नाही. मुंबईच्या हाफकिनसारख्या ठिकाणी बनणारी प्रतिसर्पविषाची लस आपल्याकडच्या चारही मुख्य विषारी सापांवर चालते, कुत्र्यालाही. इथे गाठ श्वासाशी असते, म्हणून मिनिटे मोजायची.

एका गोष्टीत मात्र धीर धरायचा. बारा-तेरा वर्षांचा कुत्रा सकाळी उठतो तो मान एका बाजूला वाकडी करून, कलंडत, गोल-गोल फिरत, डोळे झोपाळ्यासारखे हलवत. घरच्यांना वाटते लकवा झाला, आता याला झोपवायचेच. बहुतेक वेळा तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो. दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रा सावरतो, मान थोडी तिरकी राहते. तपासून घ्यावे, पण घाईने निर्णय घेऊ नये. असा निर्णय घेऊन आलेल्या एका कुटुंबाला मी चार दिवस थांबायला लावले होते. त्यांचा कुत्रा त्यानंतर दोन दिवाळ्या जगला.

मास्तरांच्या डॅशहुंडने सतराव्या दिवशी शेपूट हलवली. मास्तरांनी शाळेच्या जुन्या वहीत तारीख घालून तशी नोंद केली. चौथ्या आठवड्यात तो पोटाखाली घातलेल्या टॉवेलच्या आधाराने उभा राहिला. आता तो चालतो, थोडा डाव्या अंगाला कलून, वळताना मागचा पाय पुढच्याला ओलांडतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर मास्तरीणबाईंनी जुनी सतरंजी अंथरली आहे. कॉटवर चढायचे त्याने काही सोडलेले नाही, म्हणून मास्तरांनी कॉटला विटांच्या तीन पायऱ्या बांधून घेतल्या आहेत. वजन दीड किलो कमी करायला सांगितले आहे. रविवारी त्याला रस्सा मिळत नाही, यावरून दोघांत अजून वाद आहे.